पथारीवर

गंधमुक्ती बुधवारी झाली, आज शुक्रवार.
मधला एक दिवस घरीच होतो.
दारवर येणारे थांबले होते.
भांडी परत केली, सतरंज्या मोजल्या,
एक कमी भरली.

नंदुरबारात थंडी आहे. बोडक्या डोक्याला
मफलर गुंडाळून सायकल काढली.
लांबूनच दिसते आमची पथारी,
बारा बिघे नुसती लाल.

फाटकावर सुपडूअण्णा.
त्याने माझं डोकं बघितलं आणि बिडी विझवली.
"कव्हय ऊना?"
"आत्ताच."
"बरं करं." मग जरा थांबून,
"काम ते करनंच पडस, भो."
एरवी फाटक आम्ही दोघं ढकलतो.
आज त्याने एकट्याने उघडलं.

काट्यापाशी खुर्ची तशीच.
वहीत तेरा दिवस दुसऱ्याचं अक्षर.
भटूचा नऊ एकासारखा दिसतो,
शेठला सांगावं लागेल.
इतक्या दिवसांत मला नीट समजलेली
ही पहिली गोष्ट.

अकरा वर्षं मी इथे वजन करतो.
नवे मजूर आले की चार दिवस शिंकतात,
डोळे गळतात, रात्र रात्र खोकतात.
आम्ही हसतो. मग त्यांचंही सरतं.
माझं कधीच सरलं होतं.
म्हणून तर घाटावर सगळे बघत राहिले
आणि माझे डोळे कोरडे, काट्याच्या लोखंडासारखे.
धुळ्याची आत्या म्हणाली, रडू द्या रे त्याला.
पण मला कुणी अडवलंच नव्हतं.

आज पहिलं पोतं काट्यावर आलं,
वारा वळला
आणि मी शिंकलो.
एकदा, दोनदा, पुढे मोजलं नाही.
मफलर सुटला. भुकटी टाळूवर बसली,
वस्तरा फिरलेल्या कोवळ्या कातडीवर,
नुसता जाळ.
नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी.
तेरा दिवसांत शरीर सगळं विसरलं होतं.

देठं खुडणाऱ्या बाया हसल्या,
"नवाच शे का काय तू, दगाभाऊ?"
मग गोरजीबाईने तिच्या भाषेत
हळूच काहीतरी सांगितलं
आणि हसणं थांबलं.
ते थांबायला नको होतं.

माय इथेच बसायची.
नाही, इथे नाही, तेव्हा पथारी
रेल्वे फाटकाच्या पलीकडे होती.
दिवसभर देठं खुडायची, किलोवर पैसे.
संध्याकाळी हात ताकात बुडवून बसायची,
तरी मी जवळ गेलो की ओरडायची,
"थांब, हात मिरचीना शेतस."
हिवाळाभर बोटांनी शिवायची नाही आम्हाला.
ताप बघायचा तर मनगटाच्या उलट्या बाजूने,
झोपेतून उठवायचं तर कोपराने.
मला वाटायचं सगळ्यांच्या आया
असेच लाड करतात,
हाडाने.

शेवटच्या आठवड्यात, सिव्हिलच्या खाटेवर
तिचे हात स्वच्छ होते.
वीस वर्षं मिरची लागली नव्हती त्यांना.
मी पाणी पाजायला वाकलो,
तिने हात उचलला माझ्या गालापर्यंत,
आणि उलटा केला.

"भाऊ, पोतं," रुमशा म्हणाला.
मी डोळे पुसले.
बोटांनी नाही, एवढं कळतं.
"अडतीस," मी म्हणालो.
त्याने वाकून काटा बघितला.
"एकोणचाळीस."

खोडलं, पुन्हा लिहिलं.
नऊ जरा मोठा काढला,
कुणालाही वाचता येईल असा.